एक धडा परत शिकवायचा हाय

"चांगलं झालं," असं कोणी म्हटलं, की सर चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारायचे, "कोणासाठी?"

पाऊस चांगला झाला? कोणासाठी? कापसाला भाव चढला? कोणासाठी? गणिताच्या मास्तरांना मुलगा झाला, त्यांनी पेढ्याचा पुडा पुढे केला, तेव्हाही सरांचा हात चष्म्याकडे गेला होता. मग बहुधा त्यांना स्वतःलाच ते जास्त वाटलं असावं. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "ह्ये मात्र समद्यांसाठीच."

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत, शाळेत असेलच. सोबत बसलं तर डोकं उठवतो, नसला की चहा बेचव लागतो.

मी भूगोलाची शिक्षिका म्हणून जवळा बाजारच्या शाळेत रुजू झाले ते अठ्ठ्याऐंशी साली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. सर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. डोंगरकड्याकडच्या एका बंजारा तांड्यातले ते पहिले पदवीधर. गावात त्यांना कोणी कामरेड म्हणे, कोणी मास्तर. माझ्या तोंडी 'सर'च बसलं. ते मला 'बाई' म्हणत.

शाळेतल्या निम्म्या पोरांच्या वह्यांना तेव्हा गुळगुळीत कागदाची कव्हरं असायची. त्यावर लाल ट्रॅक्टर, गव्हाच्या पेंढ्या आणि डोक्याला रुमाल बांधून हसणाऱ्या गोऱ्यापान बायका. सरांकडे टपालानं सोव्हिएत मासिकं यायची. वाचून झाली की ते पानं काढून पोरांना वाटायचे. पाऊस लागला तरी ती कव्हरं फाटत नसत. मी एकदा म्हटलं, "सर, हा तर प्रचार झाला." ते म्हणाले, "व्हय. पण कागद मजबूत हाय ना, बाई?"

दहावीला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगावर एक धडा होता. पुस्तकात तो चार पानांत संपायचा. सर तो तीन आठवडे शिकवत. शेजारच्या वर्गात मी नद्या शिकवत असायचे आणि भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, त्यामुळे मलाही तो जवळजवळ पाठ झाला.

ते सांगत की सगळे लोक नकाशावर देश बघतात, सोव्हिएत माणूस वर्ग बघतो. एका बाजूला राबणारे, दुसऱ्या बाजूला राबवून घेणारे, आणि ही रेघ देशांच्या सीमा ओलांडून जाते. भांडवल एका देशात मावेनासं झालं की दुसऱ्याच्या देशात घुसतं, त्याला साम्राज्य म्हणायचं. म्हणून कुठली वसाहत स्वतंत्र झाली, कुठल्या बंदरावर हमालांनी संप केला, की मॉस्कोत बसलेला माणूस म्हणतो, आपलं पारडं जड झालं. "तोफा मोजू नका रे," सर फळ्यावर खडू आपटत सांगत, "तोफा तर ते बी मोजतात. संप मोजा. सुटलेले देश मोजा. काळाचं चाक कोणाकडं फिरून राहिलं ते बघा."

हे सगळं त्यांना इतकं जवळचं का वाटत होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं बैलबाजाराजवळून चाललो होतो. एका खिलारी जोडीपाशी ते थांबले, बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला.

"आमच्या आज्याच्या बापाकडं लई बैल व्हते म्हणे. मीठ, धान्य वाहायचे, कुठल्या कुठं. मग आगगाडी आली. बैल बसले, तांडा बसला. पुढं गोऱ्या सरकारनं आमाला चोर ठरवलं. हे काहून झालं ते कोणी सांगितलं न्हाई. देवाची मर्जी, नशीब, असंच ऐकत मोठा झालो. कॉलेजात असताना एका गाडीवर स्वस्तात लाल पुस्तक मिळालं. त्यात आमच्या तांड्याचं नाव नव्हतं, पण बाई, त्यात आमचे बैल व्हते. आमी कोणत्या चाकाखाली आलो ते बराबर लिहिलं व्हतं."

म्हणूनच एक्क्याण्णव सालच्या डिसेंबरात, रेडिओवर सोव्हिएत संघ संपल्याची बातमी आली तेव्हा, सकाळी शाळेत जाताना सरांपुढे कसं जावं ते मला कळत नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत मजा चालली होती. संस्थेचे सचिव स्वतः आले होते. त्यांची बाजारात जिनिंग होती. तिथे कापूस निवडणाऱ्या, सरकी भरणाऱ्या बायकांना घेऊन सरांनी दोनदा दारात बैठक मारली होती, एकदा मजुरीसाठी, एकदा नुसत्या पिण्याच्या पाण्यासाठी. सचिव ते विसरले नव्हते. सर आत आल्याबरोबर ते म्हणाले, "या मास्तर. तुमचा देश गेला म्हणं रात्रीतून!"

सरांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली. "माझा देश हितंच हाय. सकाळी फाट्यावरून आलो, जागेवर व्हता."

"मग आता काय शिकवणार पोरायला?"

"आज नागरिकशास्त्र हाय. मूलभूत हक्क." हजेरीपट घेऊन ते वर्गात गेले.

त्यानंतर दोनेक महिने ते आमच्यात असून नसल्यासारखे होते. मासिकं बंद झाली. सर परभणीच्या वाचनालयातून पुस्तकं आणत, सुट्टीत चिंचेखाली बसून वाचत. आधी ज्या पुस्तकांना ते 'शत्रूची' म्हणत, तीही त्यात होती. एकदा मी डबा घेऊन जवळ गेले, तर त्यांनी पुस्तक मिटलं.

"बाई, एक विचारू? एखाद्यानं ठरवलंच, की चोरी फक्त श्रीमंत करतो. तर मग त्याचा स्वतःचा हात दुसऱ्याच्या खिशात गेला, तर त्याला तो दिसंल का?"

मी म्हटलं, "दिसणार नाही."

"तसंच झालं. सिद्धांत सांगत व्हता, साम्राज्य भांडवलदाराचं असतंय. कामगाराचं राज्य साम्राज्य असूच शकत न्हाई. मग अडुसष्ट साली रशियाचे रणगाडे प्रागला गेले, ते भावाच्या रक्षणाला. अफगाणात गेले, ते शेजाऱ्याच्या मदतीला. एकदा लाल झालेला देश मागं फिरला, तर तो त्या लोकांचा निर्णय नव्हेच, शत्रूचा कावा. का, तर चाक पुढंच फिरतंय. ते खोटं बोलत नव्हते, बाई. त्येच तर वाईट. त्यायला खरंच तसंच दिसत व्हतं. आन् मला बी."

त्यांनी मिटलेलं पुस्तक पिशवीत टाकलं. मग म्हणाले, "मला एक धडा परत शिकवायचा हाय."

मला वाटलं, यंदाच्या दहावीला. पण त्यांनी गेल्या वीस वर्षांतल्या जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडले. हॉटेलवाल्यामार्फत, एसटीच्या वाहकांमार्फत, बाजाराला येणाऱ्यांच्या हाती चिठ्ठ्या देऊन. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दहावीचा वर्ग भरला. शेतकरी, शिंपी, एक कंपाउंडर, दोन शिक्षक, मिशांना पीळ देणारे, चाळिशीला आलेले बाप्ये पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसले होते. मागच्या बाकावर परभणीहून सरांच्या कम्युनिस्ट पक्षाचे चार कार्यकर्ते आले होते. त्यांना वाटलं होतं, या पडत्या काळात सर धीराचं काही बोलतील. दारात मुख्याध्यापक आणि सचिव उभे होते, वेगळ्याच आशेनं.

सरांनी फळा पुसला. "मी तुमाला शिकवलं की सोव्हिएत फौजा दुसऱ्या देशात गेल्या त्या मदतीला गेल्या. परीक्षेत तसं लिहिणाऱ्याला मी पैकीच्या पैकी मार्क दिले. ते चूक व्हतं. माझं शिकवणं चूक व्हतं. ते देश न विचारता घेतलेले व्हते." मग त्यांनी तासभर सगळा धडा नव्यानं शिकवला. कोणत्या विचारानं त्या माणसांना जग कसं दिसत होतं, त्यातलं काय खरं होतं, आणि कुठं तोच विचार डोळ्यांवरचं झापड झाला.

मागच्या बाकावरचा तरणा कार्यकर्ता उठला. सरांनीच त्याला पक्षात आणलं होतं. "सर, समदं जग आपल्यावर हसून राहिलं, आन् तुमी हे आज बोलता? कोणासाठी?"

वर्गात हशा पिकला असता, पण कोणी हसलं नाही. सरांचा हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"ज्याच्या घरात घुसले त्याच्यासाठी," ते म्हणाले.

चौघे कार्यकर्ते उठून गेले. त्या दिवशी एसटी स्टँडवर ते शेडच्या एका टोकाला उभे होते आणि सर दुसऱ्या टोकाला. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेली माणसं.

सचिवांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सरांना बोलावलं. वार्षिक संमेलनात शाल-श्रीफळ द्यायचं ठरलंय म्हणाले. फक्त सरांनी दोन शब्द बोलायचे, की लाल झेंडा म्हणजे फसवणूक, ह्या बैठका, हे संप, समदं परदेशातलं खूळ होतं.

सर म्हणाले, "मी चूक कबूल केली साहेब. पाठ न्हाई फिरवली. चुकलं ते प्रागमधी. तुमच्या जिनिंगमधल्या बायकायला अजून बी तहान लागती."

शाल राहिली. जूनमध्ये बदलीचा कागद आला. संस्थेची डोंगरकड्याच्या बाजूला एक शाखा होती, पत्र्याची, सातवीपर्यंतची. तिथून सरांचा तांडा चालत अर्ध्या तासावर. सर कागद वाचून हसले. "बघा बाई, शिक्षा म्हणून मला घरी धाडून राहिले."

पण जाण्याआधी त्यांना एक काम उरकायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना मी सोबत हवी होते.

त्या शनिवारच्या वर्गाला एक विद्यार्थिनी आली नव्हती. गंगासागर तिचं नाव. ऐंशी साली दहावीत होती. अफगाणिस्तान तेव्हा रोज बातम्यांत होतं. सर बंधुराष्ट्राच्या मदतीबद्दल सांगत होते आणि ही उभी राहिली. म्हणाली, "सर, भावकी मदतीला आली तर परत कधी जाती?" वर्ग खो-खो हसला. सर चिडले. जगाच्या राजकारणाची गोष्ट चालली होती आणि पोरगी भावकीचं काढत होती. "चुलीपुढं बसून जग दिसत न्हाई," असं म्हणून त्यांनी तिला पूर्ण तास उभं ठेवलं. सहामाहीत त्याच प्रश्नाला तिनं तसंच काही लिहिलं, तेव्हा शून्य दिला.

"वर्गात पन्नास पोरं व्हती," सर बसमध्ये मला म्हणाले. "एकटीला बराबर दिसलं. आन् तिलाच मी उभं केलं."

नरसी नामदेवला देवळाच्या वाटेवर तिचं नारळ-प्रसादाचं दुकान होतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई, कडेवर पोर, एका हातानं नारळ सोलत होती. सरांना बघून तिनं पदर सारखा केला, पाया पडायला वाकली. सरांनी तिला वाकू दिलं नाही.

"मी माफी मागायला आलो, पोरी. अफगाणिस्तानचं तू बराबर बोलली व्हतीस."

तिला काही आठवेना. मग आठवलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली.

"सर," ती म्हणाली, "मी अफगाणिस्तानचं नव्हतं विचारलं."

सरांना कळेना.

"त्या साली माझा बाप वारला. तेराव्याच्या दुसऱ्या दिशी चुलता नांगर घेऊन आमच्या शेतात आला. मदत करतो म्हणला. मग माणसं आणली, मग बांध मोडला. माय रडायची. कोणाला विचारावं कळत नव्हतं. तुमी वर्गात मदतीचं सांगून राहिले व्हते. मला वाटलं, सरायला ठावं आसंल, की असली मदत परत कधी जाती. म्हणून विचारलं."

देवळातून टाळ ऐकू येत होते. एक गिऱ्हाईक नारळ मागत उभं होतं, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सर फळीवर बसले.

चष्मा काढून त्यांनी विचारलं, "मग गेला का चुलता?"

"काहून जाईल?" ती म्हणाली. "त्याला कोणी जा म्हणलंच न्हाई."

सर उठले. "चल. आता म्हणू."

तिनं कडेवरचं लेकरू या बाजूचं त्या बाजूला घेतलं. "माफी नको मला सर," ती म्हणाली. "पण येत असाल तर मायलाही घेऊ सोबत."

सर डोंगरकड्याला गेले आणि तिथून महिन्यातून दोन-तीन वेळा एसटीनं हिंगोलीला येत राहिले. तहसील कचेरीत गंगासागर, तिची माय आणि सर यांना सगळे शिपाई ओळखू लागले. बापाच्या सातबाऱ्यावर मायलेकींचं नावच लागलेलं नव्हतं. तलाठ्याकडे चौकशी झाली त्या दिवशी मीही गेले होते. चुलता धिप्पाड, पांढऱ्या फेट्याचा, वाईट वाटावा असा मुळीच नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं उपकार केले.

"आमी सांभाळलं यायला," तो म्हणाला. "भाऊ गेल्यावर कोण आलं व्हतं? आमी नसतो तर शेत पडीक राह्यलं असतं. आन् मास्तर, तुमी कोण भावकीच्या मधी पडनारे?"

"तुमी आले ते बराबर केलं," सर म्हणाले. "पण मदतीला आलेला माणूस येतानाच जायचा दिस सांगतो. तुमी कोणता सांगितला व्हता?"

चुलता तलाठ्याकडे बघायला लागला.

"मी तुमच्यावर हसून न्हाई राहिलो, पाटील. मी वीस वर्षं घुसणाऱ्याला भाऊ म्हणत आलो. मला बी कोणी विचारलं न्हाई, ह्या पोरीशिवाय."

लगेच काही झालं नाही. चुलत्यानं अपील केलं, मध्ये एकदा सरांना फाट्यावर अडवून धक्काबुक्कीही झाली. सरांचा चष्मा फुटला. दोरा बांधलेला चष्मा घालून ते पुढच्या तारखेला हजर. चार वर्षांनी नाव लागलं. अडीच एकर. गंगासागरनं पहिल्या वर्षी त्यात हळद लावली. बांध घालायला चुलत्याचाच धाकटा मुलगा आला होता. संध्याकाळी काम उरकून तो आपल्या घरी गेला. सरांनी हे मला पत्रात लिहिलं होतं, 'घरी गेला' खाली रेघ ओढून.

डोंगरकड्याच्या शाळेतही सर काही सुधारले नाहीत. सातवीच्या पोरांना ते जगाचं राजकारण शिकवत. पुढे अमेरिकेच्या फौजा इराकात शिरल्या तेव्हा ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मी भेटायला गेले होते. तांड्यातली माणसं टीव्हीपुढं बसली होती, स्वातंत्र्य द्यायला चाललेल्या फौजा बघत. सर माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यांचा बी एक सिद्धांत आसंल, बाई. त्यात बी स्वतःचा हात दिसत नसंल."

पक्षाची माणसं त्यांच्याकडे कधी परत आली नाहीत. सरही त्यांना बोलवायला गेले नाहीत. दर मे महिन्याच्या पहिल्या दिवशी मात्र ते घरावर लाल झेंडा लावत. एकटेच.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सर गेले. झोपेतच. मी पोहोचले तेव्हा तांड्यावर गर्दी होती. जिनिंगमधल्या म्हाताऱ्या झालेल्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. परभणीहून कार्यकर्तेही आले, झेंडा घेऊन. मागच्या बाकावरून उठलेला तो तरणा आता पक्षाचा जिल्ह्यातला मोठा माणूस झाला होता, कानशिलं पिकली होती. झेंडा सरांच्या अंगावर घालू द्यावा की नको, ते त्यांच्या मुलाला कळेना. तो इकडे तिकडे बघायला लागला.

बायकांच्या घोळक्यातून गंगासागर उठली. पुरुषांच्या बाजूला गेली. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"घाला झेंडा," ती म्हणाली. "सरायचाच हाय तो. पण मग भाषणात समदं सांगा. अर्धं न्हाई."

झेंडा घातला. श्रद्धांजलीला तो नेता उभा राहिला. सरांचे संप सांगितले, बैठका सांगितल्या, बायकांच्या प्यायच्या पाण्याचा लढा सांगितला. मग थांबला. गंगासागर खाली बसलीच नव्हती. हाताची घडी घालून, त्याच्या समोर, उन्हात उभी होती.

"एका शनिवारी," तो म्हणाला, "सर आमाला म्हणले व्हते, आपण चुकलो. ते बराबर बोलत व्हते. आन् आमी त्यायला एकट्याला घरी जाऊ दिलं."

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. जिनिंगमधल्या एका म्हातारीनं पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. तो दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी प्यायला, आणि तो पिऊन होईपर्यंत गंगासागर तशीच उभी राहिली.